हॉटेल बंद पडल्यावरची गर्दी

२०१४ च्या मार्चमध्ये ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या 'बी. मेरवान'पुढे पहाटेपासून रांगा लागत होत्या. १९१४ साली सुरू झालेलं हे इराणी हॉटेल महिनाअखेरीस कायमचं बंद होणार, अशी बातमी पसरली होती. मावा केकसाठी झुंबड उडाली. वर्तमानपत्रांनी शंभर वर्षांचा आढावा घेतला, लोकांनी आपापल्या आजोबांच्या आठवणी काढल्या. मग काही आठवड्यांनी डागडुजी करून हॉटेल पुन्हा उघडलं. श्राद्ध घालून झाल्यावर माणूस दारात उभा राहावा, तशी लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली.

अशा वेळी एक टोमणा हमखास ऐकू येतो: एवढं प्रेम होतं तर जात का नव्हता? टोमणा चुरचुरीत आहे, पण बहुतेक वेळा लागू पडत नाही. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीतलं 'समोवार' मार्च २०१५ मध्ये बंद झालं, तेव्हा ते काही ओस पडलेलं नव्हतं. उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या त्या बोळासारख्या अरुंद जागेत दुपारचं टेबल मिळायला थांबावं लागे. गिऱ्हाईक होतं, नाव होतं, चालवणारी माणसं होती. जागा तेवढी दुसऱ्याची होती आणि ज्यांची होती त्यांना ती परत हवी होती. वाद बरीच वर्षं चालला आणि शेवटी व्हायचं तेच झालं. गिऱ्हाइकांनी आणखी दहा प्लेट पकोडे खाल्ले असते तरी निकाल बदलला नसता.

म्हणून मला वाटतं, बंद पडलेल्या हॉटेलांविषयी आपण चवीच्या भाषेत बोलतो हेच मुळात चुकतं. ब्रून मस्का, खारी, पानी कम चाय, गार पडत आलेला खिमा-पाव, यातलं काहीच जगातून नाहीसं झालेलं नाही. हवं तर चकचकीत, मुद्दाम जुनाट दिसणाऱ्या नव्या रेस्टॉरंटमध्ये पाचपट पैसे मोजून मिळतं. गेली आहे ती एका चहावर तासभर बसायची मुभा, आणि ती मुभा भाडं, मजुरी आणि मालकी यांच्या हिशेबावर उभी होती. तो हिशेब मांडायचा कंटाळा असेल, तर हळहळ ही फुकटची करमणूक आहे.

हिशेबाची सुरुवात भाड्यापासून करू. मुंबईत १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि जुन्या इमारतींची भाडी साधारण १९४० च्या पातळीवर गोठली. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचं होतं. पण ती तात्पुरती सोय पन्नास वर्षं मुक्कामाला राहिली. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात या गोठवणुकीवर बोट ठेवलं: एके काळी न्याय्य असलेली तरतूद काळ बदलल्यावर मनमानी ठरू शकते. मग १९९९ चा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ करायची परवानगी मिळाली. पाचशे रुपयांवर चार टक्के म्हणजे वीस रुपये. फोर्ट, धोबी तलाव, ग्रँट रोड अशा ठिकाणी, भर नाक्यावर, उंच छताखाली संगमरवरी टेबलं मांडून दोन तास कुणालाही बसू देणं परवडत होतं, त्याचं मोठं कारण हे. याचा अर्थ आपण ज्या निवांतपणावर लेख लिहितो, त्याचं बिल घरमालक भरत होता. घरमालकांविषयी मला विशेष कळवळा नाही. पण त्यांनी इमारतीची दुरुस्ती का केली नाही आणि छताचे पोपडे चहात का पडत होते, याचं उत्तर त्याच हिशेबात आहे.

पागडीची गोष्ट याहून मजेदार. पागडीच्या, म्हणजे आधी एकरकमी पैसे मोजून भाड्याने घेतलेल्या, जागेचा भाडेकरू हा निम्मा मालकच. जागा सोडताना रिवाजाने साधारण तिसरा हिस्सा मूळ मालकाला द्यायचा, उरलेले आपले. जोवर जागेची किंमत बेताची होती, तोवर हॉटेल चालवणं फायद्याचं होतं. किंमत आकाशाला भिडली आणि हॉटेल चालवणं हा जागेचा सर्वात तोट्याचा उपयोग ठरला. यझद आणि केरमानकडून आलेल्या इराण्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीने पहाटे चारला भट्टी पेटवावी, गल्ल्यावर बसून सुट्ट्या पैशांसाठी हुज्जत घालावी, आणि हे सगळं कशासाठी, तर आपण महिन्यातून एकदा येऊन 'अजून तसंच आहे हो' म्हणावं म्हणून? ती मुलं शिकली, कॅनडाला गेली, सीए झाली. त्यांच्या आजोबांनी कष्ट उपसले ते बहुधा याचसाठी. बंद पडलेल्या हॉटेलाच्या मालकाला 'पैशासाठी विकलं' म्हणणारे स्वतःचा फ्लॅट रिडेव्हलपमेंटला देताना मात्र चौरस फुटांचा हिशेब दोनदा करतात.

हिशेबातला तिसरा आकडा आठवणींच्या लेखांत सहसा येत नाही. आला तरी गोड होऊन येतो: 'पोऱ्या'. फडकं मारणारा, चार कप एका हाताच्या बोटांत अडकवून आणणारा, 'बारक्या' अशा हाकेला ओ देणारा. रात्री शटर ओढलं की ज्या टेबलांवर आपण वाद घातले त्यांवरच तो झोपायचा. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलं आणि ढाब्यांवर कामाला ठेवण्यावर केंद्र सरकारची बंदी लागू झाली ती १० ऑक्टोबर २००६ ला. एकविसाव्या शतकाची सहा वर्षं उलटल्यावर. तोवर स्वस्त चहाच्या किमतीत त्या मुलाची शाळा धरलेली होती. मोठ्या वेटरांचीही गत फार वेगळी नव्हती: गाव कोकणात नाहीतर उडुपीकडे, मुक्काम हॉटेलातच, रजा वर्षातून एकदा. आज कामगाराला किमान वेतन, सुट्टी आणि राहायला बरी खोली द्यायची म्हटली तर चहा महागच होणार. व्हायलाच हवा.

इथे कुणी म्हणेल, मग संपलं की. जुनी हॉटेलं अन्यायावर उभी होती, गेली ते बरं झालं. असं मात्र मला म्हणायचं नाही. बसायची जागा ही शहराची खरी गरज आहे. घरं लहान आहेत, बागांना वेळापत्रकं आहेत, ग्रंथालयांत बोलता येत नाही. नोकरी शोधणारा मुलगा, रिटायर झालेले काका, ज्यांना घरी भेटता येत नाही अशी दोन माणसं, संघटनेची बैठक घ्यायला खोली नसलेले चार कार्यकर्ते, या सगळ्यांना छप्पर, पंखा आणि कुणी उठवणार नाही अशी खुर्ची लागते. अरुण कोलटकर काळा घोड्याच्या 'वेसाइड इन'मध्ये वर्षानुवर्षं खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. या शतकाच्या सुरुवातीला ते हॉटेल गेलं आणि तिथे एक महागडं रेस्टॉरंट आलं. कोलटकरांच्या काळा घोड्यावरच्या इंग्रजी कवितांचं पुस्तक २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या थोडंच आधी निघालं. त्यात खिडकीतून दिसणारा रस्ता आहे: कुत्री, उकिरडा, झाडूवाल्या. न्याहारीवरच्या दीर्घ कवितेत एक बाई रस्त्यामधल्या बेटावर इडल्यांचा भला मोठा डबा घेऊन येते, फुटपाथवर राहणारी माणसं भोवती गोळा होतात, इडल्या संपतात आणि ते सगळं हॉटेल उठून जातं. खुर्ची मिळाली म्हणून कवीला तो रस्ता रोज बघता आला. आणि आत बसलेल्या कवीने कविता केली ती बाहेरच्या, रोज नाहीशा होणाऱ्या हॉटेलावर. बाकी आम्ही सगळे उरलो आतल्या खुर्च्यांवर लिहायला.

कोणत्या हॉटेलांवर आपण रडतो, ही यादीच बोलकी आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्यातले पुष्कळ जण कोकणातून आणि घाटावरून आलेले, गाळ्यात दहा-पंधरा जण मिळून राहणारे, बायका-मुलं गावी. त्यांना दोन वेळ जेवू घालत होत्या खानावळवाल्या बायका, आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत, पाळीच्या भोंग्याप्रमाणे. महिन्याचं जेवण आधी, पैसे पगाराला. सामानासाठी सावकाराचं कर्ज. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, राष्ट्रीयीकृत बँकेला या बायकांना कर्ज द्यायला लावलं, तेव्हा कुठे त्या सावकाराच्या तावडीतून सुटू लागल्या. संपात मेंबरांचा, म्हणजे खानावळीत जेवणाऱ्या कामगारांचा, पगार थांबला आणि बायकांची उधारी बुडाली. पुढे गिरण्या गेल्या, गाळे गेले, खानावळीही गेल्या. मुंबईतल्या कुठल्याही इराण्यापेक्षा या खानावळींनी जास्त माणसं पोसली असतील. पण त्यांना पाटी नव्हती, मेन्यूकार्ड नव्हतं, संगमरवर नव्हता. शेवटच्या दिवशी फोटो काढायला कुणी गेलं नाही, कारण शेवटचा दिवस असा नव्हताच. एकेक मेंबर गावी परतत गेला.

कोल्हापुरातलं एक हॉटेल तर इतिहासात नोंदलेलं आहे. गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळावर तिथे चहाचं हॉटेल काढलं, नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवत, आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यावा लागे. छत्रपतींनी घेतलेल्या कपाला नाही कसं म्हणायचं! ज्या काळात 'ब्राह्मणांची खानावळ' आणि 'हिंदू हॉटेल' अशा पाट्या बिनदिक्कत लागत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. गिरगाव-दादरच्या जुन्या उपाहारगृहांतल्या स्वच्छतेचं आणि 'घरगुती' चवीचं कौतुक वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो, घर कोणाचं? त्या मानाने इराणी मोकळा. पैसे टाका, बसा, जात सांगू नका. इराण्याविषयी हळहळायचं असेल तर मावा केकपेक्षा या कारणासाठी हळहळावं.

आता करायचं काय, हा प्रश्न. वारसा समितीकडे धाव घ्यायची सवय आपल्याला लागली आहे. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, देशातल्या पहिल्यांपैकी. तिने बऱ्याच इमारती वाचवल्या, २०१८ मध्ये व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या यादीत गेला, यात या नियमावलीचाही वाटा आहे. पण ती राखते दगड, कमानी, दर्शनी भाग. आत चहा विकायचा की हिऱ्याचे दागिने, याच्याशी तिला देणंघेणं नाही. समोवार ज्या इमारतीत होतं ती जहांगीर गॅलरी आजही उभी आहे आणि हॉटेल नाही.

वापरालाही वारसा मानता येतं, आणि ते मानणारा कायदा आपल्याकडे आहे, तोही अनपेक्षित ठिकाणी. २०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो की जिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ फेरीवाले धंदा करत आले आहेत, असा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. फेरीवाल्यांबाबत मुंबईत त्या कायद्याचं काय झालं ते आपण रोज बघतो. पालिकेची गाडी येते आणि पातेल्यांसकट सगळं उचलून नेते. तरी कायद्यामागची कल्पना पक्की आहे: एखाद्या जागेवर लोक पिढ्यान्‌पिढ्या काय करत आले, याला किंमत आहे. फुटपाथवर ती मान्य झाली, छताखाली झालेली नाही.

खाजगी मालकाच्या जागेवर मी ही सक्ती करणार नाही. पुन्हा एकदा भाडी गोठवून कुणाच्या तरी खिशातून आपला निवांतपणा काढायचा, हा प्रयोग पन्नास वर्षं करून झाला. पण महाराष्ट्रातला फार मोठा घरमालक सरकारच आहे. महापालिका, रेल्वे, एसटी महामंडळ, बंदर प्राधिकरण, विद्यापीठं, सरकारी नाट्यगृहं. मलबार हिलवर हँगिंग गार्डनजवळ 'कॅफे नाझ' होतं. समुद्राचा अख्खा बाक दिसेल अशी गच्ची, आणि त्या टेकडीवर सामान्य माणसाला परवडेल असं ते बहुधा एकमेव ठिकाण. तिथे कुठला बिल्डर आडवा आला नाही. जागा पालिकेची होती, पालिकेने करार वाढवला नाही, नव्वदच्या दशकाअखेरीस कॅफे गेला. असे निर्णय फाइलवर होतात, म्हणून त्यांवर फाइलवरच बोलता येतं. सार्वजनिक जागेतल्या उपाहारगृहाची निविदा आज बहुतेक ठिकाणी सर्वात जास्त भाडं देणाऱ्याला जाते. मग तो माणूस ते भाडं आपल्याकडून वसूल करतो. एसटी स्टँडवरचा पाणचट चहा आणि नाट्यगृहातला महागडा, तेलकट वडा हा त्या निविदेचा चवीतला अनुवाद आहे. निविदेतच चहाचा कमाल भाव, खुर्च्यांची संख्या, बसायच्या वेळा आणि कामगारांचं वेतन ठरवून टाका आणि मग बोली लावू द्या. पालिकेचं उत्पन्न घटेल, कबूल. बागेतूनही पालिकेला फारसं उत्पन्न येत नाही, तरी आपण बागा विकत नाही.

चालवणार कोण, याचंही एक उत्तर जुनंच आहे. कॉफी बोर्डाने पन्नाशीच्या दशकात आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा कामावरून निघालेल्या लोकांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या. बंगळूर आणि दिल्लीच्या संस्था १९५७ मधल्या. तीच इंडियन कॉफी हाउसं. कलकत्त्याचं कॉलेज स्ट्रीटवरचं बंद पडायला आलं, तेव्हा प्राध्यापकांनी सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या आणि ते वाचलं. बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्यावरचं कॉफी हाउस २००९ मध्ये जागेच्या वादात हरलं. संस्थेने जवळच चर्च स्ट्रीटला दुसरी जागा घेतली आणि पांढरा गणवेश, फेटा, कॉफी, सगळं तिथे नेलं. जुने लोक कुरकुरले, मजा नाही म्हणाले, आणि जाऊ लागले. मालक एकटा असता तर पैसे घेऊन घरी बसला असता, आणि त्याचं चुकलंही नसतं. तिथे कामगारांची संस्था होती, तिला उद्याही काम हवं होतं, म्हणून जागा गेली तरी हॉटेल उरलं. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. अर्थात साखर कारखान्यांचं आपण काय केलं हे आठवलं की उत्साह जरा आवरावा लागतो.

झुणका-भाकर केंद्रांचं काय, असं कुणी विचारेल, आणि विचारावंच. १९९५ च्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायला जागा वाटल्या, आणि बघता बघता कित्येक केंद्रांत झुणका सोडून बाकी सगळं मिळू लागलं. २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. या दोन्ही योजना पोटासाठी होत्या, आणि उपाशी माणसाला थाळी मिळावी यात वाद नाही. पण थाळी खाऊन उठायचं असतं, मागे रांग असते. मी ज्या जागेविषयी बोलतोय तिथे अनुदानाची गरज कमी आणि जागेची जास्त आहे. चहाला वाजवी भाव घ्या, कामगाराला पूर्ण पगार द्या, फक्त जागेचं भाडं बाजारावर सोडू नका. झुणका-भाकरीचा धडा इतकाच की जागा वाटताना अटी लिहायच्या आणि त्या मोडल्या तर जागा खरोखर काढून घ्यायची. पुढाऱ्याच्या मेहुण्याकडूनसुद्धा.

आठवणींवर लिहू नये, असं कोण म्हणतं? मीही लिहितो, आणि पुण्यातल्या इराणी हॉटेलांपैकी लकी गेलं आणि गुडलक राहिलं यावर डेक्कनच्या माणसांशी वाद घालण्यात मलाही रस आहे. पण आपल्या हळहळीची ताकद कुठे खर्च होते ते बघा. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली, तेव्हा रंगकर्मी, प्रेक्षक, वास्तुरचनाकार सगळे बोलले. आसनं किती, पार्किंग किती, जुनी वास्तू पाडायची की ठेवायची, यावर पानं भरली. तिथल्या उपाहारगृहाचा करार कसा असावा, चहा कितीला मिळावा, आणि नाटकाचं तिकीट नसलेल्या माणसाला तिथे बसू द्यावं की नाही, यावर मी एक ओळ वाचलेली नाही.